भूमिकाखेळांतील वर्गसंतुलन आणि क्रीडानंद

खेळ म्हटला की त्यात समानता हवी, ही अपेक्षा इतकी स्वाभाविक आहे की तिची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंस सोळा-सोळा मोहरे असतात. पांढऱ्यास पहिल्या चालीचा जो अल्प लाभ मिळतो, तो पुढच्या डावात रंग बदलून फेडता येतो. परंतु ज्या खेळात प्रत्येक खेळाडू मुळातच वेगळा असतो, एकाच्या हाती ढाल, दुसऱ्याच्या हाती धनुष्य आणि तिसऱ्याच्या ओठी मंत्र असतो, आणि हे वेगळेपण हाच ज्या खेळाचा प्राण असतो, तेथे समानता म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. इंटरनेटवर हजारो माणसे एकाच वेळी एकत्र येऊन जे भूमिकाखेळ खेळतात, त्यांच्या रचनाकारांना गेली पंचवीसहून अधिक वर्षे हा प्रश्न छळीत आला आहे.

या प्रश्नाचा विचार पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे बसून करावा, याला एक विशेष कारण आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे या गावाभोवती संगणकव्यवसायातील तरुणांची मोठी वस्ती झाली. हे खेळ ज्यांना सहज उपलब्ध व्हावेत अशी ही वस्ती आहे. परंतु या प्रकारातील बहुतेक प्रसिद्ध खेळांचे सर्व्हर मात्र तिच्यापासून हजारो किलोमीटर दूर आहेत. दुसरीकडे, वर्गसंतुलनाचा प्रश्न ज्या एका देशी खेळाने फार चातुर्याने सोडविला आहे, त्या कबड्डीचे मोठे सामने जेथे झाले ते बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल येथून अवघ्या काही किलोमीटरांवर आहे. या दोन्ही गोष्टींचा उपयोग पुढील विवेचनात व्हावयाचा आहे.

खेळाडू ज्याला 'क्लास' म्हणतात त्याला येथे 'वर्ग' म्हटले आहे. अर्थशास्त्रातील वर्गाशी त्याचा संबंध नाही, जरी पुढे पाहावयाच्या काही घटनांत त्या दुसऱ्या अर्थाची आठवण व्हावी असे बरेच काही असले तरी. या कल्पनेचा उगम संगणकात नसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन मेजाभोवती खेळल्या जाणाऱ्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात तीनच वर्ग होते : योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपासक. मांत्रिक आरंभी इतका दुबळा असे की तलवारीच्या एखाद्या घावाने तो गतप्राण व्हावा. परंतु पायऱ्या चढत जाता जाता त्याचे सामर्थ्य असे वाढे की अखेरीस योद्धा त्याचा केवळ अंगरक्षक उरे. येथे संतुलन नव्हते असे नाही. ते काळाच्या लांबीवर पसरलेले होते. चार-पाच मित्र महिनोन्‌महिने एकत्र खेळत असतील आणि खेळ चालविणारा सूत्रधार समोरच बसलेला असेल, तर अशी व्यवस्था निभावते. ज्याच्या वाट्यास आज काही आले नाही त्याच्यासाठी सूत्रधार पुढच्या बैठकीत एखादा प्रसंग योजू शकतो.

संगणकावरील खेळात हा सूत्रधार नाहीसा झाला. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ च्या सुमारास 'मड' हा केवळ अक्षरांतून खेळावयाचा सामायिक खेळ रचला, आणि तेथून पुढे १९९९ चा 'एव्हरक्वेस्ट' व नोव्हेंबर २००४ मध्ये निघालेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' यांपर्यंत ही परंपरा येऊन पोहोचली. या खेळांत तीन कामांची एक त्रयी रूढ झाली. शत्रूचे लक्ष स्वतःकडे खेचून त्याचे घाव झेलणारा तो 'टँक'. सहकाऱ्यांच्या जखमा भरून काढणारा तो 'हीलर'. आणि शत्रूवर प्रहार करणारा तो 'डीपीएस'. शेवटचे नाव मुळात एका मापाचे आहे, दर सेकंदास होणाऱ्या प्रहाराचे. माणसास त्याच्या मापाचे नाव मिळावे, ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही.

संतुलनाचा विचार प्रथम गणितापासून सुरू होतो, आणि येथेच पहिला चकवा आहे. समजा, एका पात्राचे प्राणबल १०० असून त्याचे चिलखत निम्मा आघात अडविते. त्यास मारण्यास एकूण २०० आघात लागतील. चिलखताची अडवणूक ५० वरून ६० टक्क्यांवर नेली, तर हा आकडा २५० होतो, म्हणजे चतुर्थांशाने वाढतो. हीच दहा टक्क्यांची भर ८० वरून ९० वर नेण्यासाठी घातली, तर ५०० चे १,००० होतात. भर तीच, फळ दुप्पट. गुणाकाराने वाढणाऱ्या अशा राशी या खेळांत जागोजाग असतात. म्हणून 'अमुक वर्गास थोडे अधिक द्यावे' हा सद्भावनेचा निर्णय वरच्या पायऱ्यांवर जाऊन भलताच उत्पात घडवितो. तथापि ही अडचण मूलतः हिशोबाची आहे, आणि हिशोब सुधारता येतो. खरी अडचण हिशोब बरोबर आल्यानंतर सुरू होते.

ती समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घ्यावे. 'अ' वर्गाच्या खेळाडूंचा सरासरी प्रहार १०० आहे आणि 'ब' वर्गाच्या खेळाडूंचा ९७. वर्गांतील फरक तीन टक्क्यांचा; कोणताही रचनाकार यास उत्तम संतुलन म्हणेल. आता खेळाडूंच्या कौशल्यातील तफावत विचारात घेतली पाहिजे. दोन्ही वर्गांत ती प्रसामान्य वितरणाची असून प्रमाण विचलन २० आहे असे मानू. प्रत्येक वर्गातून यदृच्छया एकेक खेळाडू उचलला, तर 'ब' चा खेळाडू 'अ' च्या खेळाडूपेक्षा सरस निघण्याची संभाव्यता सुमारे ०.४६ येते. म्हणजे शंभरांतून सेहेचाळीस वेळा कनिष्ठ वर्गाचा माणूसच अधिक उपयोगी ठरेल. परंतु गटप्रमुखास समोरचा माणूस ठाऊक नसतो, वर्ग तेवढा ठाऊक असतो. एक जागा रिकामी आहे आणि दोन अनोळखी अर्ज आले आहेत. अशा वेळी तो काय करील? तो दर वेळी 'अ' लाच घेईल. त्याचा निर्णय प्रत्येक वेळी तर्कशुद्ध असतो, आणि सर्व गटप्रमुखांच्या तर्कशुद्ध निर्णयांचा एकत्रित परिणाम असा होतो की 'ब' वर्गास जागाच मिळत नाही. तीन टक्क्यांच्या फरकाचे रूपांतर शंभर टक्क्यांच्या बहिष्कारात होते.

हिंजवडीतील कोणत्याही अभियंत्यास ही प्रक्रिया नवी वाटू नये. महाविद्यालयांतून नोकरभरती होताना गुणांची जी कट-ऑफ लावली जाते, तिचे तर्कशास्त्र हेच आहे : माणूस तपासण्यास वेळ नसतो, तेव्हा त्याच्या अंगावरचे लेबल तपासले जाते. खेळात हे लेबल माणसाने स्वतःच निवडलेले असते, कित्येकदा केवळ पात्राचा पोशाख आवडला म्हणून, आणि मग शेकडो तास त्यावर खर्च केलेले असतात. ते तास वाया जाणे ही खेळाडूच्या दृष्टीने खरी हानी असते. संतुलनाच्या प्रश्नाशी आनंदाचा संबंध येतो तो या ठिकाणी. प्रहार तीन टक्क्यांनी कमी आहे याचे दुःख क्वचितच कोणास होते. दाराबाहेर उभे राहावे लागले याचे होते.

रचनाकारांनी यावर जे उपाय केले त्यांचा इतिहास उद्‌बोधक आहे. सर्वांत जुना उपाय कराचा. जो वर्ग दोन कामे करू शकतो त्याने प्रत्येक काम थोडे कमी करावे, हा त्यामागील न्याय. 'एव्हरक्वेस्ट'मध्ये रेंजर, पॅलाडिन अशा मिश्र वर्गांना वरची पायरी गाठण्यासाठी इतरांहून अधिक अनुभवगुण मिळवावे लागत, आणि गुणांची वाटणी गटात होत असल्याने हा भार सहकाऱ्यांनाही जाणवे. कर लादला एकावर, वसूल झाला शेजाऱ्याकडून. साहजिकच शेजाऱ्यांनी अशा माणसास गटात घेणे टाळले. पुढे हा दंड काढून टाकण्यात आला. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या आरंभीच्या काळात दंड उघड नव्हता, पण व्यवहार तोच होता. नऊ वर्गांपैकी पॅलाडिन, शामन आणि ड्रुइड हे तिन्ही मिश्र वर्ग ढाल धरू शकत, प्रहारही करू शकत. परंतु चाळीस जणांच्या मोठ्या मोहिमांत, ज्यांस खेळाडू 'रेड' म्हणतात, त्यांच्याकडे बहुधा एकच काम येई, जखमा भरण्याचे. गदा फिरविण्याच्या हौसेने पॅलाडिन झालेला माणूस सारी संध्याकाळ दुसऱ्यांच्या प्राणबलाच्या हिरव्या पट्ट्या पाहत बसे.

या खेळातील आणखी एक व्यवस्था लक्षणीय आहे. पॅलाडिन हा वर्ग केवळ 'अलायन्स' या पक्षास आणि शामन केवळ 'होर्ड' या पक्षास दिलेला होता. कल्पना मोठी रम्य होती. दोन पक्षांना दोन स्वभाव मिळत. परंतु एकाच राक्षसाशी दोन निराळ्या सैन्यांनी लढावयाचे, तर त्याचे बळ कोणाच्या मापाने ठरवावयाचे, ही अडचण काही केल्या सुटेना. जानेवारी २००७ मध्ये 'द बर्निंग क्रूसेड' हा विस्तार निघाला तेव्हा दोन्ही वर्ग दोन्ही पक्षांस खुले झाले. संतुलन सुधारले, दोन पक्षांमधील स्वभावभेद मात्र तेवढ्यापुरता पुसट झाला. २००८ च्या पुढील विस्तारात हे धोरण अधिक व्यापक झाले. गटात वर्ग पाहून नव्हे तर माणूस पाहून घ्यावे, अशी रचनाकारांची घोषणा होती, आणि तीनुसार एका वर्गाकडे असलेले साहाय्यक मंत्र दोन-तीन वर्गांना वाटून देण्यात आले. बहिष्काराची धार निश्चितच कमी झाली. पण लवकरच खेळाडूंची दुसरी तक्रार सुरू झाली, की सगळे वर्ग एकसारखे वाटू लागले आहेत, रंग तेवढे निराळे. या तक्रारीस हट्टीपणा म्हणून झिडकारता येणार नाही. ज्याचे काम दुसरा कोणीही करू शकतो, त्यास हाकलले जात नाही हे खरे. पण त्याची वाटही कोणी पाहत नाही.

दोन अन्य खेळांची उदाहरणे येथे थोडक्यात नमूद करणे इष्ट आहे. २००३ च्या 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज'मध्ये तीसहून अधिक व्यवसाय होते. त्यांत नर्तक, शिंपी, वैद्य असे युद्धाशी प्रत्यक्ष संबंध नसलेलेही होते. नोव्हेंबर २००५ मध्ये खेळ सुटसुटीत करण्यासाठी त्यांचे नऊ वर्ग करण्यात आले. अनेक जुन्या खेळाडूंनी तेव्हाच खेळ सोडला. डिसेंबर २०११ मध्ये तो बंद झाला. नऊ वर्गांचे संतुलन तिसांपेक्षा सोपे, यात शंका नाही. पण ज्यांनी त्या जगात शिंप्याचे दुकान थाटले होते त्यांना युद्धातील संतुलनाशी कर्तव्यच नव्हते. उलट दिशेने, २०१२ च्या 'गिल्ड वॉर्स २' ने त्रयीच मोडून पाहिली. प्रत्येकास स्वतःची जखम भरण्याची शक्ती दिली आणि स्वतंत्र हीलर ठेवला नाही. परिणाम असा झाला की सर्वांनी केवळ प्रहार वाढविणारी सामग्री घालावी, हाच शहाणपणाचा मार्ग ठरला. २०१५ च्या विस्तारात मोठ्या मोहिमा आल्या तेव्हा ड्रुइडच्या रूपाने जखमा भरणारा पुन्हा अवतरला. भूमिका काढून टाकल्याने विविधता वाढत नाही. ती कित्येकदा एकाच साच्यात आटते.

तेव्हा भिन्नता राखून समतोल साधण्याचा दुसरा काही मार्ग आहे काय? येथे कबड्डीकडे वळणे उपयुक्त ठरेल. आजच्या कबड्डीत चढाईपटू आणि बचावपटू हे वस्तुतः दोन वर्गच आहेत. त्यांचे शरीर, तालीम, स्वभाव, सारेच निराळे. एक एकटा प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो, दुसरा साखळी करून उभा राहतो. या दोघांना एकसारखे करण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. त्याऐवजी नियम मैदानावरील स्थितीकडे लक्ष ठेवतात. अंगणात सहा किंवा अधिक बचावपटू उभे असतील तरच चढाईपटूस बोनस रेषेचा गुण मिळू शकतो. म्हणजे समोरची फळी भरलेली असताना एकट्याच्या धाडसास मोल येते. याच्या उलट, २०१४ पासून खेळल्या जाणाऱ्या प्रो कबड्डी लीगच्या नियमांनुसार बचावपटू तीन किंवा त्याहून कमी उरले असता त्यांनी पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. यास सुपर टॅकल अथवा अव्वल पकड म्हणतात. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण मिळविलाच पाहिजे, नाही तर चढाईपटू बाद, हा नियम वेळकाढूपणास आळा घालतो आणि बचावफळीस एक संधी देतो. या तिन्ही नियमांचे मर्म एकच आहे. कोणाचीही शक्ती सरासरीने वाढविलेली नाही. जो ज्या क्षणी दुर्बळ आहे त्यास नेमक्या त्या क्षणी मोठी गोष्ट करून दाखविण्याचा अवसर दिला आहे. प्रेक्षकांच्या आरोळ्या उठतात त्या नेमक्या अशा क्षणीच, ही गोष्ट आनंदाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

कबड्डीचा जुना इतिहास याहूनही अधिक सांगून जातो. या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार प्रचलित होते. गामिनीत बाद झालेला खेळाडू, सारा संघ बाद होईपर्यंत, बाहेर बसे. अमरमध्ये बाद झालेला खेळाडू अंगणातच राही आणि प्रतिपक्षास गुण तेवढा मिळे. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन परत येई. कौशल्याची कसोटी म्हणून गामिनी कदाचित सर्वांत कठोर. पण तिच्यात दुबळा गडी पहिल्या दोन मिनिटांत बाहेर जाऊन उरलेला वेळ माती उकरीत बसणार. अमरमध्ये सर्वांना सारा वेळ खेळावयास मिळते, परंतु बाद होण्याची भीतीच उरत नाही आणि अंगण रिकामे होत जाण्यातील नाट्य हरपते. स्पर्धेच्या कबड्डीने संजीवनी स्वीकारली. तीत बाद होण्यास किंमत आहे, आणि परत येणे सहकाऱ्याच्या पराक्रमावर अवलंबून आहे. ऑनलाइन खेळांच्या रचनाकारांनी संतुलनाच्या नावाखाली जी चर्चा वर्षानुवर्षे केली तिचा मोठा भाग या तीन शब्दांत आधीच सामावलेला होता. प्रश्न कोणाच्या हातात किती बळ आहे एवढाच नाही. कोण किती वेळ बाहेर बसतो, आणि परत कसा येतो, हा आहे.

बाहेर बसण्याचे मोजमाप या खेळांत सुदैवाने सहज करता येते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने डिसेंबर २००९ मध्ये अनोळखी खेळाडूंचे गट आपोआप जुळवून देणारी यंत्रणा सुरू केली. पाच जणांच्या गटात एक टँक, एक हीलर आणि तीन डीपीएस लागतात. समजा, शंभर जण रांगेत आहेत : १२ टँक, १८ हीलर, ७० डीपीएस. गट बाराच बनतील. त्यांत ३६ डीपीएस सामावतील. उरलेले ३४ आणि ६ हीलर ताटकळत राहतील. आता डीपीएस वर्गांचे आपापसांतील संतुलन कितीही काटेकोर केले तरी या ३४ जणांना त्याचा काडीमात्र उपयोग नाही. परंतु त्यांच्यापैकी दोघांनी जरी ढाल हाती घेतली, तर गट चौदा होतात आणि ताटकळणारे डीपीएस २६ वर येतात. दोघांच्या निर्णयाने आठ जण आत गेले.

मग हे दोघे ढाल का हाती घेत नाहीत? टँक दुर्बळ असतो म्हणून नव्हे. कित्येकदा तोच सर्वांत बळकट असतो. कारण मानसिक आहे. प्रहार करणाऱ्याची चूक झाली तर लढाई चार क्षण लांबते. टँकची चूक झाली तर सर्व मरतात, आणि ती कोणाची चूक हे सर्वांना दिसते. अनोळखी माणसांपुढे उघडे पडण्याची ही भीती कोणत्याही शक्तिवृद्धीने जात नाही. २०११ मध्ये त्या खेळाने ज्या कामाची टंचाई असेल ते पत्करणाऱ्यास बक्षिसाची थैली देण्याची योजना आणली. योजना व्यवहाराची होती, परंतु तिने मोबदला वाढविला, काम सुखाचे केले नाही. त्यापूर्वी, एप्रिल २००९ मध्ये, एकाच पात्रास दोन प्रकारची तयारी बाळगून त्यांत अदलाबदल करण्याची जी मुभा मिळाली होती, ती अधिक मूलगामी म्हणावी लागेल. २०१३ मध्ये नव्याने सिद्ध झालेला 'फायनल फँटसी १४' याही पुढे गेला. त्यात एकच पात्र सर्व व्यवसाय शिकू शकते आणि हातातील शस्त्र बदलले की व्यवसाय बदलतो. चुकीच्या वर्गात अडकून पडण्याचे दुःख येथे पुष्कळसे नाहीसे होते. संतुलनातील दोष राहतातच, पण त्यांची शिक्षा जन्मठेपेची राहत नाही.

आनंदाचे स्वरूप सर्वांच्या बाबतीत एकच नसते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. बार्टल यांनी १९९६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात खेळाडूंचे चार प्रकार कल्पिले : सिद्धी मिळविणारे, शोध घेणारे, गप्पागोष्टींत रमणारे आणि दुसऱ्यांवर कुरघोडी करणारे. ही वर्गवारी निरीक्षणावर आधारलेली होती, मोजणीवर नव्हे. निक यी यांनी २००६ मध्ये सुमारे ३,००० खेळाडूंच्या उत्तरांचे घटकविश्लेषण केले तेव्हा सिद्धी, सहवास आणि तल्लीनता असे तीन प्रमुख घटक निघाले, आणि ते परस्परांस वर्ज्य नाहीत असेही दिसले. म्हणजे एकाच माणसास तिन्ही हवे असू शकते. प्रहाराचे कोष्टक पाहून संतुलन ठरविणारा रचनाकार यांपैकी फक्त पहिल्या घटकाची सेवा करीत असतो.

आता ज्या गोष्टीसाठी हिंजवडीचा उल्लेख आरंभी केला तिच्याकडे यावयाचे. आतापर्यंतच्या सर्व चर्चेत एक गृहीत धरलेले होते, की वर्गाचे बळ सर्वत्र सारखेच असते. प्रत्यक्षात ते खेळाडू कोठे बसला आहे यावर अवलंबून असते. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून सिंगापूर सरळ रेषेत जवळजवळ चार हजार किलोमीटर, जर्मनीतील फ्रँकफर्ट सुमारे साडेसहा हजार. त्यामुळे सिंगापूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास किमान ४० मिलिसेकंद आणि फ्रँकफर्टपर्यंत ६५ मिलिसेकंद लागणारच. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत अनेक ठाणी असतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा याच्या दीडपट-दुपटीचा धरावा लागतो. फ्रँकफर्टसाठी तो १३० धरू.

शत्रूने उगारलेला घाव ३०० मिलिसेकंदांच्या आत ढालीवर घेतला तरच चुकतो, असा एखाद्या वर्गाचा गुण आहे असे समजा. दृश्य दिसल्यापासून बोट हलेपर्यंत सामान्य माणसास दोनशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात, २२० धरले. सर्व्हरजवळ राहणाऱ्या ज्याची जा-ये २० मिलिसेकंदांची आहे, त्यास घाव १० व्या मिलिसेकंदास दिसतो, २३० व्यास तो कळ दाबतो आणि २४० व्यास ती पोहोचते. तो वाचला. हिंजवडीतील खेळाडूस तोच घाव ६५ व्यास दिसतो, २८५ व्यास तो कळ दाबतो, आणि ती पोहोचते ३५० व्यास. त्याच्या हाताने काहीही चूक केली नाही, तो मेला. याउलट जो वर्ग शत्रूवर हळूहळू भिनणारे विष टाकतो, किंवा सहकाऱ्यावर सावकाश जखम भरणारा मंत्र टाकतो, त्यास या विलंबाची झळ फारशी लागत नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये पुढील कळ सुमारे ४०० मिलिसेकंद आधी दाबून रांगेत ठेवण्याची सोय आहे. तिने एकामागून एक करावयाच्या कृतींतील विलंब झाकला जातो. परंतु प्रतिक्रिया आगाऊ दाबून ठेवता येत नाही. म्हणून जेथे चपळाई हाच वर्गाचा गुण, तेथे अंतराचा कर पूर्ण भरावा लागतो. कॅलिफोर्नियात सिद्ध झालेले संतुलनाचे कोष्टक हिंजवडीत लागू पडत नाही ते या कारणाने. प्रत्येक वर्गाच्या नावापुढे त्याचा विलंबदंड किती, हा एक रकाना त्यात असावयास हवा होता.

अंतराबरोबर घड्याळही येते. युरोपीय सर्व्हरवरील गिल्डांच्या मोहिमा तेथील रात्री आठच्या सुमारास सुरू होतात. हिवाळ्यात तेव्हा येथे साडेबारा वाजून गेलेले असतात, उन्हाळ्यात साडेअकरा. दिवसा कचेरी आणि सायंकाळी अमेरिकेतील ग्राहकांशी बोलणी आटोपून जो खेळावयास बसतो, त्याच्यापाशी फार तर दीड तास असतो. डीपीएस म्हणून रांगेत उभे राहिल्यास त्यातील अर्धा तास वाट पाहण्यात जावयाचा. हीलर झाल्यास दार लवकर उघडते, आणि सावकाश भरणाऱ्या मंत्रांना केबलच्या लांबीची फारशी पर्वा नसते. अशा खेळाडूने खंजीर बाळगणारा चपळ वर्ग सोडून हीलर पत्करला, तर रचनाकाराच्या नोंदीत तो हीलरची आवड असलेला खेळाडू म्हणून मोजला जाईल, आणि खंजीरवाल्या वर्गास पुरेसे बळ आहे असा त्या नोंदीवरून निष्कर्षही निघेल. त्याने तो वर्ग का सोडला याची कारणे समुद्राखालच्या केबलमध्ये आणि सकाळी कंपनीच्या बसच्या वेळेत आहेत.